जिन्याचा दांडा

माझ्या नवऱ्याला कारखान्यात कुणी नावानं हाक मारत नाही. दमधरे म्हणतात. नवीन आलेल्या माणसाला ते खरंच आडनाव वाटतं. एका बाईंनी तर बारशाचं बोलावणं पाठवताना पाकिटावर 'श्री. व सौ. दमधरे' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. मी ते पाकीट फाडायला निघाले होते, पण यानं माझ्या हातातून काढून घेतलं आणि कपाटात जपून ठेवलं. याला त्यात अपमान दिसलाच नाही! कौतुकच वाटलं.

याचं काम म्हणजे लाकडाला अस्तर देणं. टेबल, दार, पलंग, काहीही असो, त्याला रंग किंवा पॉलिश चढवायच्या आधी जो पहिला पातळ हात देतात, तो हा देतो. आधी लाकूड पुसायचं. मग पॉलिशपेपरनं घासायचं. मग परत पुसायचं, कारण घासलं की भुसा उडतो. मग अस्तराचा पहिला हात, पाण्यासारखा पातळ. त्यानं लाकडाची लव उभी राहते, म्हणून ती वाळेपर्यंत थांबायचं. वाळली की परत घासायचं. गाठी असतील तर गाठींवर लाखेचा वेगळा हात, नाहीतर महिन्याभरानं गाठीतला चीक रंगातून डोकं वर काढतो. मग परत थांबायचं. आणि एवढं सगळं झाल्यावर वरून दुसराच कुणीतरी येऊन रंग मारणार, आणि लोक म्हणणार, वा, काय रंग आहे! वीस वर्षं झाली, या माणसाचं काम जगात कुणी पाहिलेलं नाही. सगळं रंगाखाली गाडलेलं.

बरं, हे कारखान्यात ठेवावं की नाही? नाही. आमच्या न्हाणीघराचं दार खालून फुगलं होतं. याला म्हटलं, जरा तासून द्या, अर्ध्या तासाचं काम आहे. यानं दारच बिजागऱ्यांतून काढलं. नऊ दिवस आमच्या न्हाणीघराला चादर लावलेली होती. जो आत जाईल त्यानं मोठ्यानं गाणं म्हणायचं, असा नियम करावा लागला. सासऱ्यांना गाणं येत नाही, ते नुसते पाढे म्हणायचे. मी रोज विचारायची, "अहो, झालं का?" आणि हा रोज तेच सांगायचा, "दम धर. लाकूड अजून अस्तर ओढून घेतंय."

मी सकाळी दवाखान्यात बसते, पेशंटना नंबर देते. तिथे लोकांना 'थांबा, थांबा' म्हणत असते आणि घरी आले की हा मला 'दम धर' म्हणतो. मी कुणाचं काय घोडं मारलंय कुणास ठाऊक!

त्यात याचं एक प्रवचन आहे. कुणीही विचारो, न विचारो, ते सुरू होतं. "रंग लाकडाला चिकटतो असं लोकांना वाटतं. तो लाकडावर जे असेल त्याला चिकटतो. धूळ असली तर धुळीला चिकटतो, आणि धूळ निघाली की रंगही निघाला. डिंकाचंही तेच. म्हणून आधी बघायचं, लाकडावर काय आहे." हे मी लग्नानंतर पहिल्या महिन्यात चाळीसदा ऐकलं. त्यानंतर 'रंग लाकडाला' एवढं कानावर पडलं की माझे कान आपोआप मिटायला लागले. ऐकण्यासारखं त्यात काही आहे असं मला कधी वाटलंच नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, पुढे लागणार आहे.

आता सासऱ्यांचं सांगते. सासरे सुतार. या भागातली निम्मी दारं त्यांच्या हातची आहेत. आमचं घर वर आणि खाली त्यांचा गाळा, मध्ये चौदा पायऱ्यांचा जिना. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या गाळ्यात बाप-लेक दोघं एकत्र काम करायचे. सासरे घडवायचे, नवरा अस्तर-पॉलिश करायचा. मी खाली चहा घेऊन गेले की दोघांचं काहीतरी चाललेलंच असायचं. भांडण नव्हे, बोलणं. पण एवढं बोलणं की मला वाटायचं, या घरात मला बोलायला कधी जागा मिळणार?

मिळाली. चांगली अकरा वर्षांची जागा मिळाली.

झालं असं की एका शाळेनं वाचनालयासाठी लांबलचक टेबल करायला दिलं. सोळा मुलं बसतील एवढं. सासऱ्यांनी जुन्या सागवानाच्या चार रुंद फळ्या आणल्या, रंधून आरशासारख्या केल्या, कडेला कड डिंकानं जोडून वरचा तक्ता केला. नवऱ्यानं अस्तर दिलं, पॉलिश केलं. टेबल गेलं. तीन आठवड्यांत शाळेतून माणूस आला. पॉलिशचे पापुद्रे सुटत होते आणि मधला जोड उघडला होता. एका मुलीची पट्टी त्या फटीतून खाली पडली म्हणे.

सासरे म्हणाले, अस्तर कच्चं होतं, त्यातून ओल आत गेली आणि जोड सुटला. नवरा म्हणाला, जोड कच्चा होता, तो हलला म्हणून पॉलिश फुटलं. नवऱ्यानं विचारलं, "डिंक लावायच्या आधी कडा पुसल्या होत्या का?" सासरे म्हणाले, "माझा रंधा फिरला म्हणजे पुसलंच! आता तू मला शिकवणार?" मग आवाज चढले. सगळं चाळीस मिनिटांत आटोपलं असेल. सासऱ्यांनी गाळ्याला कुलूप लावलं, नवरा कारखान्यात लागला, आणि त्या दिवसापासून ते दोघं एकमेकांशी बोलायचे बंद झाले.

एकाच घरात! एकाच ताटाच्या अंतरावर! "सूनबाई, तुझ्या नवऱ्याला सांग, मीठ इकडे सरकव." मीठ कुठे, तर नवऱ्याच्या हातापाशी. नवरा मीठ सरकवणार आणि मला म्हणणार, "बाबांना सांग, झाकण सैल आहे." सुरुवातीला हे काम सासूबाईंकडे होतं. मी जरा रुळले तसं त्यांनी हळूच ते माझ्या अंगावर घातलं. तेव्हापासून मी या घराची पोस्टमन आहे. निरोपातले काटे काढायचे, उरलेला निरोप पोचवायचा. एकदा मी दवाखान्यात असताना गॅसवर दूध ठेवलेलं होतं. दोघं समोरासमोर बसून पेपर वाचत होते. दूध उतू गेलं, जळलं, पातेलं काळं झालं. दोघांनाही वास आला होता. पण 'दूध बघ' हे एकमेकांना सांगायला मी नव्हते ना! मी त्या दिवशी पातेलं दोघांच्या मध्ये आपटलं आणि सांगितलं, तुम्ही दोघांनी माझं आयुष्य नासवलंय. दोघं खाली मान घालून बसले. मग सासरे म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला सांग, पातेलं घासून दे."

कपाळावर हात मारून घ्यावा, दुसरं काय!

तर यंदा सासूबाई जिन्यात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. गुरुवारी त्यांचा व्यायाम घेणारी बाई आम्हाला म्हणाली, "पुढच्या शनिवारी घरी सोडतील. पण जिना आहे ना तुमच्याकडे? चढताना त्यांना दोन्ही हातांना आधार लागेल." जिन्याला एका बाजूनं कठडा आहे, भिंतीकडून काहीच नाही. ती म्हणाली, "भिंतीला धरायला दांडा बसवा, भक्कम. त्यांचा सगळा भार त्यावर येणार आहे. नाही जमलं तर खालच्या मजल्यावर सोय करा." खाली तर कुलूप लावलेला गाळा, त्यात न्हाणीघरही नाही.

नणंद लगेच म्हणाली, "माझ्याकडे लिफ्ट आहे. आईला मी इकडेच नेते, कायमची. तुमच्या त्या घरात दोन माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, तिथं तिला बरं तरी कसं वाटणार?" नणंद लांबच्या गावी असते आणि ती बोलते ते करते. तिचंही काही चुकलं नव्हतं.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी माझं मनगट धरलं. हात चांगलाच गरम होता. म्हणाल्या, "मला घरी यायचंय. तिकडे नेलं तर मी परत येणार नाही, मला माहितीये. तेवढा दांडा करून घे त्यांच्याकडून." आमच्या सासूबाई मागणं मागणाऱ्यातल्या नाहीत.

नऊ दिवस होते हातात. मी घरी येऊन दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं, बाजारात तयार पाइप मिळतो, माणूस येऊन अर्ध्या तासात बसवून जातो. दोघांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी जणू सासूबाईंना पाइपनं मारायला निघाले होते. सासरे म्हणाले, "सुताराच्या घरात पाइप?" नवरा म्हणाला, "थंडीत हात गारठेल तिचा." अकरा वर्षांत पहिल्यांदा यांचं एकमत झालं, तेही माझ्याविरुद्ध!

शुक्रवारी सासऱ्यांनी गाळ्याचं कुलूप काढलं. पोटमाळ्यावर त्या शाळेच्या टेबलाच्या फळ्या पडल्या होत्या, शाळेनं परत केलेल्या. म्हणाले, अकरा वर्षं वाळलेलं लाकूड आहे, यापेक्षा चांगलं मिळायचं नाही. मला त्या फळ्या बघूनच अंगावर काटा आला. नवऱ्यानं मला सांगितलं, बाबांना सांग, ते लाकूड नको. सासऱ्यांनी मला सांगितलं, तुझ्या नवऱ्याला सांग, लाकडात खोट नव्हती. मी दोघांनाही काही सांगितलं नाही. नाही तरी दोघांनी समोरासमोर ऐकलंच होतं.

शनिवारी सासऱ्यांनी पट्ट्या कापल्या, जुनं पॉलिश रंधून काढलं आणि दोन लांब दांडे केले. भिंत लांब, एवढं सलग लाकूड नव्हतं. म्हणून दोन दांड्यांची टोकं तिरकी कापून एकमेकांवर डिंकानं बसवायची होती. मधोमध, सातव्या पायरीपाशी, तो जोड येणार होता. "जोड सोमवारी घेतो," ते म्हणाले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचं वय, दिवसभर रंधा मारून त्यांचे हात थरथरत होते. नवरा म्हणाला, "बाबांना सांग, जोड घेतला की मला मंगळवारी अस्तराला लागायचंय. चार दिवस तरी लागतीलच." मी म्हटलं, "चार? अहो, शनिवारी आई दारात उभ्या राहणार!" तर म्हणतो, "दम धर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रविवारी दुपारी दोघं सासूबाईंना बघायला हॉस्पिटलात गेले होते, म्हणजे पुढेमागे चालत, वेगवेगळे. मी गाळ्यात केर काढायला गेले. ते दोन दांडे सुतारकामाच्या लाकडी घोड्यांवर आडवे ठेवलेले. नुकतेच रंधलेले, कोरडे, फिकट. मी हात फिरवला तर एका जागी बारीक कुसळ लागलं. मनात आलं, यावर सासूबाईंचा हात पडणार. म्हातारं कातडं, पातळ. आणि हे दोघं शहाणे एकमेकांच्या नावानं बोटं मोडत बसलेत, निदान आपण तरी यांचं एक काम पुढे सरकवू.

माझ्या माहेरी लाकडाला तेलाचा हात द्यायची पद्धत. पाट, लाटणं, देव्हारा, दाराच्या चौकटी, सगळ्याला. आई म्हणायची, लाकूड रुक्ष ठेवू नये. मी इथेही चौकटींना महिन्यातून एकदा देतेच. वरून तेलाची बाटली आणली, फडकं घेतलं आणि दोन्ही दांड्यांना सगळीकडून, टोकांनासुद्धा, छान चोळून तेल लावलं. लाकूड कसं उजळलं! जास्तीचं तेल कोरड्या कापडानं पुसून घेतलं. तासाभरात सगळं पिऊन टाकलं दांड्यांनी. मला खरंच फार बरं वाटलं. आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं असेल.

सोमवारी मी दवाखान्यात असताना सासऱ्यांनी टोकांना डिंक लावून जोड शिकंज्यात आवळला. मंगळवारी सकाळी मी चहा घेऊन खाली गेले. सासरे शिकंजा सोडत होते. नवरा दुसऱ्या टोकाला होता. त्यानं स्पिरिटनं लाकूड पुसलं होतं आणि अस्तराचा पहिला हात देत होता. एकमेकांकडे पाठ. मी ट्रे ठेवला, तेवढ्यात टक् असा आवाज आला.

सासऱ्यांच्या हातात दांडा दोन तुकडे होऊन आला होता. डिंक वाळला होता, पण एका बाजूनं पूर्ण निघून आला होता, काचेच्या पट्टीसारखा गुळगुळीत. लाकडाचा एक तंतूही त्याला चिकटलेला नव्हता.

त्याच वेळी नवरा म्हणाला, "हे काय?" त्यानं दिलेला हात दांड्यावर बसत नव्हता. अस्तर मागे सरकत होतं, गोळा होत होतं, मध्ये मध्ये गोल गोल डोळे पडत होते. त्यानं परत ब्रश फिरवला. परत डोळे.

दोघांनी तोंडं वर केली. मला कळलंच आता काय येणार.

"तुझ्या नवऱ्याला सांग," सासरे म्हणाले, आणि आवाज आधीच वर गेला होता, "तेव्हा अस्तरात खोट मानली नाही. आज बघ म्हणावं, डोळ्यांनी बघ!"

"बाबांना सांग, त्यांचा जोड आज हातात आलाय! मी अजून हातही लावला नव्हता जोडाला. आज माझं अस्तर कुठं आडवं आलं?"

"लाकूड पुसायचं म्हणत होता ना? पुसलंय ना त्यानं स्पिरिटनं? मग का नाही धरलं?"

"कारण लाकूडच तसलं आहे! मी नको म्हणालो होतो!"

"मी शनिवारी रंधलं, सोमवारी जोडलं! तेव्हाही शनिवारीच रंधलं होतं, सोमवारी जोडलं होतं! चाळीस वर्षं मी असंच करतोय, एक जोड सुटला नाही! फक्त याचा हात लागला ते दोनच!"

शनिवारी रंधलं, सोमवारी जोडलं. मी तिथं फडकं घेऊन उभी होते. ट्रेवर चहा सांडला म्हणून हातात घेतलेलं होतं. त्याला तेलाचा वास येत होता. तेच रविवारचं फडकं.

मला आठवलं. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. त्या रविवारी दोघं कुणाच्या तरी लग्नाला गेले होते. मी खाली आले, तर चार रुंद फळ्या उभ्या करून ठेवलेल्या, रंधलेल्या, रुक्ष. नवी सून, काहीतरी करून दाखवायची हौस. मी बाटली आणली होती. चारही फळ्यांना, कडांनासुद्धा.

खोटं कशाला बोलू, पहिला विचार आला तो गप्प बसायचा. कुणाला कळणार होतं? दोघं एकमेकांना दोष द्यायला सरावलेत. आणखी एक टेबल, आणखी एक दांडा. पण मग पुढे काय होणार होतं ते मला दिसत होतं. सासरे हट्टानं परत डिंक लावणार. नवरा हट्टानं त्यावर परत अस्तर देणार. वरून ते चांगलं दिसेल, तीन आठवडे टिकेल. आणि सातव्या पायरीवर, सासूबाईंचा सगळा भार अंगावर असताना, तो जोड टक् म्हणणार.

रंग लाकडावर जे असेल त्याला चिकटतो. चाळीसदा ऐकलं होतं मी.

"मी तेल लावलं," मी म्हणाले.

कुणी ऐकलं नाही. दोघं अजून माझ्या तोंडून एकमेकांवर ओरडत होते.

"अहो, गप्प बसा दोघंही!" मी किंचाळले. "मी तेल लावलं! परवा रविवारी, दोन्ही दांड्यांना! स्वयंपाकघरातलं! आणि तेव्हाही मीच लावलं होतं. शाळेच्या फळ्यांना. कडांना पण. तुमचा जोड चांगला होता, बाबा. आणि यांचं अस्तरही चांगलं होतं. माझं डोकं फिरलेलं होतं, बस्स!"

गाळ्यात चहाची वाफ तेवढी हलत होती. मला रडू येत होतं आणि रडायचा रागही येत होता. मी वाट बघत होते की आता दोघं मिळून मला घराबाहेर काढतील, आणि काढलं असतं तरी माझं काही म्हणणं नव्हतं. अकरा वर्षं यांना नावं ठेवली मी. आल्या-गेल्याला, शेजारणींना, नणंदेला, सगळ्यांना सांगितलं होतं की या दोघांनी माझं आयुष्य नासवलं.

सासऱ्यांनी हातातला तुकडा घोड्यावर ठेवला. तिरक्या टोकावर अंगठा फिरवला, अंगठा नाकाशी नेला. नवऱ्यानंही आपल्या टोकाचा वास घेतला. मग सासरे नवऱ्याकडे बघून म्हणाले,

"स्पिरिट आहे का अजून?"

माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघून. मी सवयीनं तोंड उघडलंच होतं, निरोप द्यायला.

"आहे," नवरा म्हणाला. "पण तेलाला स्पिरिट नाही चालायचं. थिनर लागेल. आत मुरलंय ते, वरचा थरही काढायला लागेल... बाबा."

"किती?"

"दोन कागद जाडीचा निघाला तर बास."

"दोन कागद! दोन कागद काढणारा रंधा लावायला माझा हात स्थिर पाहिजे. तू लाव. मी धरतो."

त्यांनी दांडा धरला. नवऱ्यानं रंधा लावला, पहिल्याच फटक्याला जाड सालपट निघालं, आणि सासरे ओरडले, "अरे, कागद म्हणालास की पुठ्ठा?" नवरा हसला. मी तिथून वर गेले आणि न्हाणीघरात जाऊन, ते दार लावून, पोटभर रडले.

पुढचे तीन दिवस कसे गेले ते मलाच माहीत. आता दोघं थेट बोलत होते, आणि बापरे, किती बोलत होते! अकरा वर्षांचं साठलेलं. थिनरनं तीनदा पुसायचं की चारदा, यावर वाद. डिंक दोन्ही टोकांना लावायचा की एकाला, यावर वाद. नवऱ्यानं कारखान्यातून रजा काढली. मला गाळ्याच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची बंदी झाली. तेलाची बाटली फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर गेली, फोडणी करायची तर नवऱ्याला हाक मारावी लागायची. चहा द्यायला गेले की सासरे म्हणायचे, "हात दाखव." मी हात दाखवायचे. मग नवरा म्हणायचा, "बाबा, फडकंही बघा." यापेक्षा अबोला बरा होता, असं मी निदान दहादा म्हटलं असेल. मनापासून नाही म्हटलं.

गुरुवारी जोड तपासला. दांडा दोन घोड्यांवर ठेवून सासऱ्यांनी नवऱ्याला त्यावर बसवलं, मधोमध. हललं नाही. मग नवरा उतरला आणि सासरे स्वतः बसायला निघाले. मी उंबऱ्याबाहेरून ओरडले, "एकीचं हाड मोडलंय तेवढं पुरे!" शुक्रवारी दुपारी दांडा भिंतीला लागला. अस्तराचे दोन हात, घासून मऊ केलेले. वरचं पॉलिश राहिलं. मी विचारलं, ते कधी? नवरा म्हणाला, "आता आईचा हात बसू दे त्यावर. मग पुसू, मग बघू." मी कपाळाला हात लावला.

शनिवारी सासूबाई आल्या. नणंदही आली होती, तिची बॅग गाडीतच होती, गरज पडली तर आईला घेऊन परत निघायच्या तयारीनं. नवरा जिन्यात वर उभा राहिला, सासरे खाली काठी घेऊन. सासूबाईंनी एक हात कठड्यावर ठेवला, दुसरा नव्या दांड्यावर, आणि चढायला लागल्या. मी त्यांच्या मागे एक पायरी खाली, दोन्ही हात पसरून.

सातव्या पायरीवर त्या थांबल्या. दांड्यावर अंगठा पुढेमागे फिरवला. जोड शोधत होत्या. सापडत नव्हता. मग सगळा भार त्या हातावर टाकला आणि मान जराशी माझ्याकडे वळवून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या,

"या वेळी तेल लावलं नाहीस ना गं?"

"लावलं होतं," माझ्या तोंडून निघालं. "मग सांगितलं."

"दोघांना?"

"दोघांना. आई, तुम्हाला माहीत होतं?"

"फळ्यांना फोडणीचा वास येत होता. बाटली निम्मी झाली होती." त्या दमल्या होत्या, थांबत थांबत बोलत होत्या. "तू नवी होतीस. दोघं तुझ्यावर तुटून पडले असते. म्हटलं, बाप-लेक आहेत, एकमेकांवर चिडले तर चार दिवसांत बोलतील. तुला आयुष्यभर टोचलं असतं. मग चार दिवसांचे आठ झाले. मग सांगायची सोयच राहिली नाही."

"अकरा वर्षं, आई! अकरा वर्षं मी यांचं मीठ सरकवलं!"

"तुझ्यावर सोपवेपर्यंत मीच सरकवत होते," त्या म्हणाल्या. "आणि बाकीची वर्षं तुला सरकवताना बघत होते. ते जास्त जड गेलं."

मला त्यांचा इतका राग आला, इतका राग आला की मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि काढलाच नाही.

"काय झालं? का थांबलात?" वरून नवरा आणि खालून सासरे, दोघं एकदम ओरडले.

"दम धरा रे," सासूबाई म्हणाल्या, आणि आठव्या पायरीवर पाय ठेवला.